तिसऱ्या कंपनीचं किट

पेडण्यातल्या एका खासगी लॅबमध्ये कृष्णनाथ टेक्निशियन होता. बावीस वर्षं रक्त-लघवी तपासून त्याची खात्री झाली होती, की माणूस दारातून आत आला की त्याचा रिपोर्ट आपल्याला तोंडावरच वाचता येतो. चोपड्याला, आपल्या गावात, तो हे भेटेल त्याला ऐकवायचा.

२०२१च्या मे महिन्यात, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, लॅबच्या डॉक्टर संजनाबाईंनी तीन कंपन्यांची झटपट तपासणीची किटं टेबलावर ठेवली. "चाळीस जणांना तिन्ही किटं लावा. त्यांचेच स्वॅब आरटीपीसीआरलाही पाठवू. कुठलं किट खरं बोलतं ते कळल्यावरच मागवायचं."

पहिल्याचा खोका चकचकीत, दुसऱ्याचं माहितीपत्रक चार भाषांत. तिसरं साध्या पुठ्ठ्याच्या डब्यात, वरची छपाईही वाकडी. कृष्णनाथने निकाल तिथेच लावून टाकला.

एकोणचाळीस जण झाले. चाळिसावा आलाच नाही. "मीच बसतो," कृष्णनाथ म्हणाला, "एखादा धडधाकट माणूस हवाच!" सकाळपासून घसा खवखवत होता, पण ते त्याने एसीवर ढकललं होतं.

पहिल्या दोन किटांवर एकच रेघ उमटली. तिसऱ्यावर दोन.

"बघा डॉक्टर! चांगल्या माणसाला आजारी पाडतंय हे!" त्याने लगेच वहीत शेरा मारला, 'बिनभरवशाचं'.

"तुमचा घसा बसलाय का?"

"हे किट बघूनच बसला."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी त्याला तडक घरी पाठवलं. बायको चंद्रावती खोलीच्या दाराशी पेज ठेवून मागे सरायची आणि तो आतून त्या किटाच्या नावाने खडे फोडायचा.

दुसऱ्या दिवशी फोन आला. आरटीपीसीआर पॉझिटिव्ह. चाळिसांत बाधित अकरा निघाले, त्यातला एक तो स्वतः. वाकड्या छपाईच्या किटने नऊ ओळखले होते, चकचकीतवाल्याने सहा, चार भाषांवाल्याने पाच. उगाच आजारी मात्र कुठल्याच किटने कुणाला ठरवलं नव्हतं.

चंद्रावतीने दाराबाहेरून विचारलं, "तुमी तोंड बघून रिपोट सांगतास मां? मगे आरशात बघूक नाय?"

त्याला हसू आलं, पण पुरतं नाही. तपासणीच्या आदल्या रात्रीपर्यंत आपण हिच्या शेजारी बसूनच जेवलो होतो. तिचाही स्वॅब लॅबला गेला आणि रिपोर्ट निगेटिव्ह येईपर्यंत तो दाराआडून तिला तासातासाला ताप मोजायला लावत राहिला. रिपोर्ट आल्यावर त्याने डॉक्टरांना फोन लावला. "तो शेरा खोडा. लिहा, किट बरोबर, टेक्निशियन बिनभरवशाचा."

"दुसरं वाक्य लिहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण माझ्या लक्षात राहील."

तिसऱ्या कंपनीची किटं मागवली गेली. कृष्णनाथ बरा होऊन कामावर आला. स्वॅब द्यायला घाबरलेलं कुणी समोर बसलं, की तो हीच फजिती रंगवून सांगायचा. माणूस हसत असतानाच त्याचं काम उरकलेलं असायचं.