तीन वेळा पुकारलेलं नाव

माझ्या नवऱ्यानं मला तीन वेळा हाक मारली. मी उठले नाही. माझी मुलगी गेली.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. म्हणून हे लिहितेय. एका बोटानं टाइप करते, चुका पोटात घाला.

तेव्हा ते माझे कोणी नव्हते. कोर्टातले पट्टेवाले. दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायचे.

बासष्ट-त्रेसष्टची गोष्ट. बेंगळुरात तेव्हा फॅमिली कोर्ट नव्हतं. घरभाड्याचे, वाटणीचे दावे ज्या हॉलमध्ये चालायचे, तिथंच आमचाही चालला.

माझ्या पहिल्या नवऱ्यानं घटस्फोट मागितला होता. आणि मुलगी. मंदा, सहा वर्षांची.

घटस्फोटाला माझी ना नव्हती. मंदा मला हवी होती. ती माझ्याजवळ, राजाजीनगरला माझ्या वडिलांच्या घरी होती.

आधीच्या तारखांना वकील एकटेच जायचे. त्या दिवशी मला घेऊन गेले.

म्हणाले, "इथंच बसा. मी वरच्या कोर्टात जाऊन येतो. नाव पुकारलं की आत जाऊन उभ्या राहा."

बसले. दारापासून दहा हातांवर.

"सुलोचनाबाई!"

तीन वेळा.

कोण उठतंय म्हणून मीही मान वळवून बघितलं. कोणी उठलं नाही.

मनात म्हटलं, कसली बाई ही, स्वतःच्या तारखेला येत नाही.

माझं नाव कृष्णा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुलोचना लिहिलं, पेढे वाटले, झालं. त्या नावानं मला परत कोणी हाक मारली नाही. सासरी मी "अगं" आणि "मंदाची आई". माहेरी कृष्णी.

कागदावर मात्र सुलोचना. मला वाचता येत नव्हतं. अंगठा दिला होता.

वकील परत आलेच नाहीत. संध्याकाळी कोर्ट उठलं तरी मी बसलेलीच.

ते पट्टेवाले जवळ आले. "अक्का, सकाळपासनं बसलाय. केस कुठली तुमची?"

"अजून पुकारली नाही."

"नाव?"

"कृष्णाबाई."

यादीवर बोट फिरवलं. "नाही की हो. यजमानांचं नाव काय?"

सांगितलं.

बोट थांबलं. "मग सुलोचनाबाई कोण?"

त्यांचा तो चेहरा मी पुढं साठ वर्षं बघत होते.

मी गैरहजर म्हणून एकतर्फी हुकूम झाला होता. मुलगी तिच्या वडिलांकडे. आठवड्यात मल्लेश्वरमहून सासरची माणसं आली, मंदाला घेऊन गेली. तिची पाटी आमच्याकडं राहिली.

त्याच पाटीवर मी अक्षरं गिरवली. कोणी शिकवलं नाही.

त्या पट्टेवाल्यांनी कोर्टात ॲफिडेव्हिट दिलं. बाई सकाळपासून दारात होती, मी पाहिली.

शिरस्तेदार म्हणाले, "मारुती, नोकरी नको झालीय का रे?"

"स्वल्प भीती वाटते साहेब. पण बघितलंय."

केस पुन्हा उघडली. पण त्यात आठ महिने गेले.

जजसाहेब भले होते. सगळ्यांना बाहेर काढलं, वकिलांनासुद्धा. आम्हा दोघांना विचारलं, परत एकत्र राहता का? कायद्यानं विचारावं लागतं. आम्ही दोघांनीही नाही म्हणून मान हलवली.

मग मंदाला जवळ बोलावलं. "कोणाकडे राहायचं, पुट्टी?"

मंदानं माझ्याकडं बघितलं. ओळखीच्या बाईकडं बघावं तसं.

"अज्जीकडे."

सहा वर्षांच्या मुलीला आठ महिने फार होतात.

घटस्फोट झाला. महिन्यातून एक शनिवार, कोर्टाच्या व्हरांड्यात, एक तास. एवढी भेट मला मिळाली.

एकदा तिनं विचारलं, "तू आलीच नव्हतीस ना? अज्जी म्हणते, कागदावर लिहिलंय."

मी सांगितलं, आले होते. तिनं ऐकलं आणि घड्याळाकडं बघितलं.

पुढं परीक्षा आली. मग ताप आला. मग शनिवारच आले नाहीत.

दोनेक वर्षांनी त्यांनी मला मागणी घातली. त्यांची आई म्हणाली, "इतके दिवस कोर्टातनं कागद आणत होतास. आता पार्टीच घेऊन आलास?"

लग्नात भटजींनी विचारलं, नवीन नाव काय ठेवायचं?

हे म्हणाले, "आहे तेच. नाव बदललं की काय होतं ते बघितलंय मी."

रिटायर होईपर्यंत तिसऱ्या पुकाऱ्यानंतर ते व्हरांडाभर फिरायचे. बसलेल्या प्रत्येक बाईला विचारायचे, "अक्का, माहेरचं नाव काय?"

वकील हसायचे. "काय मारुती, सोयरीक जमवतोयस?"

हसू देत. हे फिरायचे.

घरी कारण नसताना मला "कृष्णा" म्हणायचे. मी "काय?" म्हटलं की, "काही नाही."

मंदा आता जे. पी. नगरला असते. तीसुद्धा अज्जी झालीय. दिवाळीला फोन करते.

त्यांच्या शेवटच्या आजारात एकदा आली. उठवत नव्हतं त्यांना. म्हणाले, "बाळ, त्या दिवशी तुझी आई आली होती. दहा हातांवर बसली होती. मी पुकारलं ते नाव तिचं नव्हतं."

मंदा म्हणाली, "तुम्ही झोपा आता." पर्स उचलली आणि गेली.

ते भिंतीकडं तोंड करून पडले. त्या दिवशी जेवले नाहीत.

चौथ्या दिवशी गेले.

स्मशानात फॉर्म भरणाऱ्यानं विचारलं, "पत्नीचं नाव?"

मी फॉर्मवरच्या रिकाम्या रेघेकडं बघितलं.

मंदा मागं उभी होती. तिच्या शाळेच्या दाखल्यावर, लग्नाच्या पत्रिकेवर आईचं नाव सुलोचना आहे.

ती म्हणाली, "कृष्णाबाई."

तो माणूस लिहायचा थांबला, वर बघितलं.

"कृष्णाबाई. लिहा ना."

तुम्ही ऐकायला नव्हता, म्हणून इथं लिहिलं.

तुमची साक्ष पोचली, मारुतीराव. आता निवांत पडा.

तुम्हाला कृष्णाचा नमस्कार.