आनंदा कांबळेची बोटं

परळच्या त्या गाळ्यात सगळ्यांचा आनंदा कांबळेच्या बोटांवर आंधळा विश्वास होता, आणि आनंदाला हल्ली त्या विश्वासाचीच धडकी भरायची.

बाविसाव्या वर्षी तो गिरणीच्या प्रोसेस खात्यात लागला. कोऱ्या कापडावरचं तेल, मेण, खळ काढायचं, हे तिथलं काम. खात्याच्या केमिस्टसाहेबांनी त्याला एकदा समजावलं होतं, की साबणाच्या प्रत्येक कणाला एक डोकं असतं नि एक शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटाला तेल. शेपटं तेलात रुततात, डोकी पाण्याकडे ओढतात आणि तेल धागा सोडतं. पण काम झालं की साबणालाही घालवावं लागतं. तो गेला का, हे आनंदा ओलं कापड अंगठा आणि तर्जनीत चोळून सांगायचा. किंचित बुळबुळीत लागलं तर आणखी एक पाणी. गिरणी बंद पडली, तिच्या जागी टॉवर आला, पण आनंदाची बोटं चालत राहिली. गेली सोळा वर्षं तो या गाळ्यात होता. इथे तान्ह्या बाळांच्या झबल्या-दुपट्यांची मलमल धुऊन मऊ करायचे. आनंदाने साबण ‘निघाला’ म्हटल्याशिवाय पुढचं काम हलत नसे.

सहा महिन्यांपूर्वी कौसल्येने, त्याच्या बायकोने, किंचाळत त्याचा हात तव्यावरून ओढला. बोटांची टोकं भाजली होती आणि या गृहस्थाला पत्ताच नव्हता. शुगरने नसा गेल्यात, डॉक्टर म्हणाले.

“गाळ्यात सांगून टाका,” कौसल्या म्हणाली.

सांगून काय करू? एकसष्टीच्या म्हाताऱ्याला बोटांखेरीज विचारतंय कोण? आनंदाने गाळ्यात काही सांगितलं नाही. तेव्हापासून तो कापड चोळायचा, डोळे मिटायचा, मनात वीस मोजायचा आणि ‘निघाला’ म्हणून चहाला जायचा. हल्लीचा साबण फेसही फार करत नाही, त्यामुळे डोळ्यांचा आधार नव्हता. नवल म्हणजे एकही लॉट बिघडला नाही. तरी प्रत्येक गठ्ठा टेम्पोत चढला की त्याच्या मनात यायचं: कुठल्यातरी बाळाच्या मानेखाली पुरळ उठलं असेल, ते रडत असेल, आणि का ते आईला कळत नसेल. शेजारी कुणाचं बाळ रडलं तरी तो दार लावून घ्यायचा.

त्या मंगळवारी पाणी कमी आलं. वडिलांमागे गाळा सांभाळणारी मनवा स्वतः मशीनपाशी येऊन उभी राहिली. “आज एक थेंब वाया नको,” ती म्हणाली.

आनंदाने कापड चोळलं. काहीच कळलं नाही. सगळे बघत होते.

“निघाला,” तो म्हणाला.

मशीनवरच्या ललिताने त्याच्याकडे पाहिलं, मग मनवाकडे, आणि कापड मऊ करायचा सॉफ्टनर मापाने ओतला.

दोन मिनिटांत पाणी नासलेल्या दुधासारखं झालं. पांढऱ्या चिकट गुठळ्या मलमलभर बसल्या. आनंदाला लगेच कळलं. साबणावर ऋण भार, सॉफ्टनरवर धन. दोघे भेटले की एकमेकांना मिठी मारून बसतात आणि पाण्यात राहत नाहीत. म्हणजे कापडात साबण भरपूर होता.

“ललिता, काय ओतलंस हे? ड्रम चुकला का?” मनवा ओरडली.

“चुकला असेल,” ललिता खाली बघत म्हणाली.

“असेल म्हणजे? उद्या माल जायचाय! तू उद्यापासून येऊच नकोस.”

लालबागच्या एका खोलीत ललिताच्या पगारावर चार माणसं जेवत होती. आनंदाला ते ठाऊक होतं. त्यानेच तिला इथे आणलं होतं. तरी आत्ता गप्प राहिलो तर वाचतो, हा विचार त्याच्या मनात आला, आणि त्या विचाराचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली.

“ड्रम बरोबर आहे, मनवाताई. साबणच निघाला नव्हता. माझ्या बोटांना कळत नाही. सहा महिने झाले.”

मनवा त्याच्याकडे वळली. “सहा महिने? मग एवढे लॉट बरोबर कसे गेले?”

ललिता पदराला हात पुसत होती. “काका चहाला गेले की मी हात लावून बघायची. बुळबुळीत लागलं तर अजून एक पाणी मारायची. आज तुम्ही उभ्या होतात, नाय जमलं.”

“मला सांगायचं नाही?”

“काकांची लाज कशी काढू, मॅडम?”

आनंदा रिकाम्या ड्रमवर बसला. त्याला रडू आलं, आणि ते कुणी बघितलं तर बघू दे असं वाटलं.

गुठळ्या सोडवायला मनवाने कुठलाच भार नसलेला साबण काढला आणि टँकरला फोन लावला. मग ती त्याच्याजवळ आली. “काका, उद्यापासून तुम्ही मशीनपाशी नको,” ती हळूच म्हणाली. सहा महिने तो ज्या वाक्याला घाबरत होता ते इतकंच होतं.

टँकरच्या पाण्याने कापड दोनदा धुतलं. सवयीने सगळ्यांच्या माना आनंदाकडे वळल्या. त्याचा हातही सवयीने पाण्याकडे गेला. तो त्याने मागे घेतला.

“ललिता, तू सांग.”

तिने कापड चोळलं. बराच वेळ चोळत राहिली.

“अजून आहे, काका.”

“मग अजून एक पाणी,” आनंदा म्हणाला.