लेओनीनं कमावलेलं कातडं

डोल्फसनं ट्रकच्या मागच्या फळीवरून मूसचं ओलं कातडं ओढलं, बहिणीच्या अंगणात धप्पकन टाकलं आणि हात झटकत म्हणाला, "घे ताई. दरवर्षी म्हणतेस ना, मला कुणी कातडं आणून दिलं असतं तर कमावून दाखवलं असतं? आणलं बघ."

लेओनी पायरीवर चहाचा कप घेऊन उभी होती. मूस म्हणजे घोड्याहून उंच सांबर. त्यातून डोल्फसनं मारलेला हा नर चांगला थोराड. त्याचं कातडं केसांसकट, मांसाच्या चिंध्यांसकट गवतावर पसरलेलं, आणि त्यावर माश्या जमायला लागल्या होत्या. शेजारणी कुंपणाशी आल्या. एक म्हणाली, "आता बोल गं!"

"कमावीन की," लेओनी म्हणाली. आवाज मात्र तिचा तिलाच अनोळखी वाटला.

खरं सांगायचं तर तिनं आयुष्यात कधी कातड्याला रापी लावली नव्हती. दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, डेहचो नदीच्या काठावरचं तिचं गाव, माणसं सगळी डेने जमातीची. आणि डेने बाईला कातडं कमावता येत नाही म्हणजे कोळणीला मासळी साफ करता येत नाही असं म्हणण्यासारखं. पण दोष तिचा नव्हता. पोरवयातच तिला होडीत घालून मिशनच्या शाळेत नेलं. ज्या वयात पोरी आईच्या मागे मागे फिरून हे सगळं उचलतात, त्या वयात ती ख्रिस्ती जोगिणींच्या हाताखाली रेशमाची फुलं भरायला शिकत होती. सुट्टीला परत येईपर्यंत तिची आई रोझाली वारली होती. फुलं मात्र लेओनीच्या बोटांत उतरली. तिनं भरलेले कातडी हातमोजे नदीच्या वरच्या गावांपासून खालच्या गावांपर्यंत लोक मिरवत. पण कातडं ती विकत आणायची. त्यावरून गावात टोमणा होता: फुलं लेओनीची, जमीन दुसऱ्याची.

हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून काढतात त्या रस्त्याच्या मजुरांच्या छावणीत तिनं जन्मभर स्वयंपाक केला. आता ते काम सुटलं होतं, पोरं आपापल्या घरी होती. हातांना काम हवं होतं आणि मनाला ती जुनी सल होतीच.

कातडं ढकलगाडीत घालून ती जर्मेन आत्याकडे गेली. जर्मेन ही तिच्या बापाची धाकटी बहीण. ऐंशी ओलांडलेली, पाठीत वाकलेली. पण गावात कातडं कमावणाऱ्या ज्या काही म्हाताऱ्या उरल्या होत्या, त्यांत सगळ्यात तिखट. दारात बसून ती माशाचं डोकं चोखत होती.

"हे काय आणलंस?"

"आत्या, मला शिकव."

आत्यानं काटा थुंकला. भाचीकडे पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "इतकी वर्षं कुठं होतीस?"

"तुला ठाऊक आहे कुठं होते ते."

आत्यानं माशाचं डोकं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "बरं. आधी हात धुऊन ये आणि खा. उपाशी माणसाकडून कातडं हलत नाही."

शिकवणं म्हणजे आत्या समजावून काही सांगायचीच नाही. मूसच्या नडगीचं हाड घेऊन त्याला करवतीसारखे दाते कसे पाडायचे, ते तिनं एकदा करून दाखवलं आणि दुसरं हाड लेओनीच्या मांडीवर टाकलं. कातडं तिरप्या खांबावर टाकून मांस कसं खरवडायचं, तेही एकदाच. मग स्वतः खुर्चीत बसून चहा आणि तव्यावरची जाड भाकरी. लेओनी काही विचारायला वळली की आत्या म्हणायची, "माझ्या तोंडावर काय आहे? कातड्याकडे बघ."

मांस निघालं, मग केस. खांदे भरून आले. रात्री लेओनीला वेणी घालायला हात वर उचलवत नसे. एक दिवस रापी घसरली आणि मानेपाशी भोक पडलं.

"हं," आत्या खुर्चीतून म्हणाली, "खिडकी पाडलीस. हवा छान येईल."

लेओनी ओशाळली. मग तिनं ओल्या कातड्यातलं ते भोक शिवून टाकलं. आत्या उठून आली, शिवणीवरून बोट फिरवलं, परत जाऊन बसली. त्या दिवशी भाकरीवर तिनं भाचीसाठी थोडी जास्त चरबी थापली.

मग कातड्याला मऊपणा यावा म्हणून मूसचा मेंदू उकळून, पाण्यात कालवून त्यात कातडं मुरवलं, पिळलं, वाळवलं. लेओनीला वाटलं, झालं. शेजारणींना तिनं सांगूनही टाकलं. आणि सुकल्यावर पाहते तर काय, कातडं कडक. सुकट बोंबलासारखं. आत्यानं ते उचलून जमिनीवर ठेवलं तर ते आपलं आपण उभं राहिलं!

"अगं, हे तर उभं राहतंय," आत्या म्हणाली. "दाराला लाव. वारा अडेल."

शेजारीपाजारी हसून हसून लोळले. लेओनीही हसली, पण घरी आल्यावर दार लावून घेतलं आणि पोटभर रडली. कातडं तिनं लाकडाच्या ढिगामागे टाकून दिलं. नाताळ जवळ आला होता. नदी गोठली होती. ती मुकाट्यानं विकतच्या कातड्यावर फुलं भरायला बसली.

एका दुपारी बर्फावरच्या गाडीचा आवाज आला. डोल्फसच्या मागे, त्याच्या कमरेला मिठी मारून, आत्या बसली होती. आत येऊन तिनं टोपी काढली, चहा मागितला आणि म्हणाली, "कुठं लपवलंयस?"

"टाकलं. माझ्यानं नाही व्हायचं, आत्या. लहानपणी शिकायचं असतं हे."

"माझं पहिलं कातडं कुत्र्यांनीसुद्धा खाल्लं नव्हतं," आत्या म्हणाली. "उपाशी कुत्री होती, तरी हुंगून निघून गेली. शिकारीचा सगळा तळ हसला. एकटी वहिनी हसली नाही. तिनं ते परत पाण्यात टाकलं आणि म्हणाली, जर्मेन, ऊठ. मी कुणाकडून शिकले, विचारलंस का कधी?"

लेओनीनं सुई खाली ठेवली. आत्याची वहिनी म्हणजे तिची आई.

"आईकडून?"

"मग काय बिशपकडून? रापी कशी धरायची, पीळ कुठं द्यायचा, सगळं रोझालीचं. ती होती तोवर माझ्या कातड्याला कुणी कातडं म्हणत नव्हतं, इतका तिचा हात. तुला मी माझ्या घरचं काही देत नाहीये. तुझंच तुला देतेय, जरा उशिरा." आणि लगेच आवाज चढवून, "चहात साखर घालायची पद्धत नाही का या घरात?"

त्या दिवशी लेओनीनं लाकडांमागून कातडं ओढून आणलं.

चूक काय झाली ते आता तिला हातांनी कळलं. कातडं जाड राहिलं होतं. मेंदूचं पाणी आतपर्यंत गेलंच नव्हतं. तिनं ते भिजवलं, आत्याच्या अंगणात लाकडी चौकटीत ताणून बांधलं आणि गोठू दिलं. गोठलेलं कातडं खरवडायला सोपं जातं. लोकरीच्या गोळ्यांसारखे पापुद्रे बर्फावर पडतात. सगळा हिवाळा ती त्या चौकटीपुढे उभी होती. पापण्यांवर बर्फ जमायचा. आत्या खिडकीतून बघायची आणि नको तिथं रापी गेली की काचेवर काठी आपटायची. हळूहळू काठीचा आवाज कमी झाला. वसंतात काठी वाजेनाशीच झाली, तेव्हा लेओनी घाबरून आत डोकावली. आत्या पत्ते खेळत होती.

मे महिन्यात तिनं आपल्या घरी नव्या मेंदूच्या पाण्यात कातडं मुरत घातलं, आणि नेमका त्याच आठवड्यात नदीचा बर्फ फुटला. दरवर्षी फुटतो. पण या खेपेला खालच्या वळणावर बर्फाच्या लाद्या एकावर एक चढून बांध झाला आणि पाणी मागे, गावाकडे वळलं. भोंगा वाजला. सगळ्यांनी वर टेकडीवर, विमानाच्या धावपट्टीकडे निघायचं होतं.

डोल्फस ट्रक घेऊन आला. "ताई, काय घ्यायचं ते पटकन घे!"

लेओनीनं कातड्याचं घंगाळ एका कानाला धरलं. "दुसरीकडून धर."

"हे? टीव्ही राहिला, खाट राहिली, शिवणयंत्र राहिलं, आणि हा वास मारणारा रस्सा घेऊन जायचा?"

"धरतोस की मी एकटी उचलू?"

डोल्फसनं धरलं. शिवणयंत्र त्यानं मागाहून धावत जाऊन आणलं. ट्रक वळला तेव्हा पाणी कुंपणाशी आलं होतं. आत्या आधीच पुढच्या सीटवर चढून बसली होती. मांडीवर चहाची किटली, आणि किटलीत रापी.

टेकडीवर तंबू पडले. खाली छपरांमधून बर्फाचे डोंगर फिरताना दिसत होते. कुणाचं घर पायावरून सरकलं, कुणाची गाडी वाहून गेली. माणसं तंबूंच्या तोंडाशी हात चोळत बसली होती. आत्याचं घर तर पाण्यात अर्धं बुडालं होतं. तिनं एकदा तिकडे पाहिलं, मग पाठ फिरवली आणि काठी आपटली.

"काय सुतक आहे का इथं? भाचीचं कातडं घंगाळात कुजतंय. खांब पुरा!"

पुरुष उठले. काहीतरी करायला मिळालं म्हणून धावलेच म्हणा ना. खांब पुरले, आडवी काठी बांधली. लेओनीनं कातडं पिळलं, असं की पाण्याची धार लागली. मग ताणायची वेळ आली. ओलं कातडं सुकेपर्यंत चहूबाजूंनी ओढत राहायचं, थांबलं की पुन्हा फळीसारखं कडक. एकटीचं काम नव्हेच. डोल्फसनं एक कोपरा धरला, शेजारणीनं दुसरा, मग कडेनं जागाच उरली नाही. म्हातारे, पोरी, ट्रक चालवणारे गडी, सगळे गोल करून टाचा रोवून ओढत होते.

"अरे, बायको ओढतोयस की कातडं? जोर लाव!"

"माझ्या बायकोला इतकं ओढलं असतं तर मी आज इथं नसतो!"

पहिल्यांदा कुणीतरी हसलं, आणि मग ते हसू तंबूतंबूंतून फिरलं. लेओनी मात्र हसत नव्हती. ती कडेनं फिरत होती, हाताचा तळवा टेकवत. "इथं अजून ओलं आहे. इकडे ओढा. तू, जरा सोड. हां, आता धर." कुणी तिला उलट विचारलं नाही. वारा सुटला होता, ऊन लख्ख. तिच्या हाताखाली कातड्याचा पोत बदलत गेला: आधी रबर, मग भिजलेला कांबळ्याचा तुकडा, आणि मग एकाएकी मऊ. पांढरं शुभ्र, तान्ह्याच्या दुपट्यासारखं. ओढणाऱ्यांच्याही ते लक्षात आलं. गोलातले हात सैल पडले.

"झालं का?" डोल्फसनं हळूच विचारलं.

"धुरी राहिली," लेओनी म्हणाली.

धुरीच्या सकाळी आत्या अंगावर गोधडी ओढून तंबूत पडून राहिली. "माझे गुडघे दुखतात. तुझं तू बघ." गुडघे काही नवे दुखत नव्हते, हे लेओनीला कळत होतं. तिनं रानातून कुजलेलं, भुसभुशीत लालसर लाकूड वेचून आणलं. ते पेटत नाही, नुसतं धुमसतं; पेटलं तर घात. कातडं पिशवीसारखं शिवून तिनं धुरावर टांगलं आणि शेजारी बसली. दुपारी वारा फिरला. आत एक बारीक ज्योत उठलेली तिला दिसली. लेओनीनं ओल्या शेवाळाचा गोळा मुठीत घेऊन हात सरळ आत घातला. मनगटावरचे केस जळले, हात पोळला, ज्योत विझली. मानेपाशी शिवलेल्या त्या खिडकीच्या टाक्यांतल्या फटीला डोळा लावून तिनं आत पाहिलं. कातड्याला काही झालं नव्हतं.

संध्याकाळी तिनं टाके उसवले आणि कातडं उलगडलं. ते पांढरं राहिलं नव्हतं. पिकलेल्या मधाचा रंग चढला होता, काठाकाठाला जरा गडद.

आत्या काठी टेकत आली. कोपरा मुठीत चुरगाळून सोडला; घडी उरली नाही. नाकाशी धरला. डोळे मिटले. सगळा तळ बघत होता. मग तिनं ते अवाढव्य कातडं उचललं, शालीसारखं खांद्यावरून पांघरलं आणि चालायलाच लागली. मागचा भाग जमिनीवर फरफटू नये म्हणून दोघीतिघी उचलून धरत मागे धावल्या.

"आत्या, कुठं चाललीस?" लेओनी ओरडली.

"दाखवायला!" आणि तंबूतंबूपाशी थांबून ती म्हातारी ओरडत होती, "उठा, बघा! माझ्या भाचीचं कातडं! रोझालीच्या पोरीचं!"

कुणीतरी ढोल बाहेर काढला. घरंदारं पाण्यात असलेली ती माणसं टेकडीवर गोल धरून नाचली, आणि लेओनी मध्ये उभी राहून, तोंडावर भाजलेला हात धरून, हसत रडत होती.

पाणी ओसरलं. चिखल उपसता उपसता उन्हाळा सरला. आत्या लेओनीच्याच घरी राहायला आली आणि आल्या आल्या खिडकीजवळची खुर्ची बळकावली. कातड्यातून लेओनीनं आधी आत्याचे जोडे शिवले, मग डोल्फसचे हातमोजे, आणि उरलेल्यातून एक लांब कोट. कोटाच्या पाठीवर तिनं रेशमानं नदीकाठची रानगुलाबाची फुलं भरली. शिकार सुरू झाली तशा अंगणात बायका येऊ लागल्या, ढकलगाड्यांत कातडी घालून. कुणी तिच्याएवढ्या, कुणी तिच्या मुलींएवढ्या. कुणाचं कातडं कडक निघालं की खुर्चीतली आत्या तोंड उघडायची, पण त्याआधीच लेओनी ते पाण्यात टाकून मोकळी व्हायची.

पुढच्या हिवाळ्यात शहरातल्या एका कलादालनानं तो कोट मांडण्यासाठी मागवला. लेओनी तो पेटीत घालून पाठवायला तयार नव्हती, स्वतःच घेऊन निघाली. छोट्या विमानात तिनं पिशवी मांडीवर घेतली, विमान वर चढलं, हीटर लागला, आणि धुराचा गोड वास शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. वैमानिकानं मान वळवून विचारलं, "धुरी दिलेलं कातडं कुणाकडे आहे?"

लेओनीनं हात वर केला आणि पिशवीतून कोट काढला.

मागच्या सीटवरची कुठल्याशा वरच्या गावातली एक अनोळखी म्हातारी पुढे वाकून म्हणाली, "बाई, जरा देतेस? नुसता हातात धरते."

लेओनीनं कोट दिला. म्हातारीनं तो गालाला लावला, मग शेजारच्याला दिला, त्यानं मागे. खाली पांढरीशुभ्र नदी वळणं घेत चालली होती. कोट रांगेरांगेतून, हाताहातातून फिरत राहिला, आणि विमान उतरेपर्यंत लेओनीनं तो परत मागितला नाही.