सबवूफर जोडला आणि माठ आठवला

मंडळी, आज सकाळी जुन्या स्टिरिओला नवा सबवूफर जोडला. पहिल्याच ठोक्याला स्वयंपाकघरातला माठ थरथरला. माहेरी आलेल्या ताईने धावत जाऊन तो दोन्ही हातांनी धरला. "सांभाळ रे बाबा, एक माझ्या हातून फुटलाय!"

ती हसत होती. मी स्टिरिओच्या वायरी चाचपत राहिलो.

नव्वदीतली गोष्ट. अंबरनाथ पश्चिमेला आमची एकच खोली. जवळच्या कॅम्प तीनच्या बाजारातला स्पीकरवाला म्हणाला होता, "मटके पे उलटा रख, फिर बेस देख." भर मे महिन्यात मी माठ रिकामा केला आणि त्याच्या तोंडावर स्पीकर पालथा घातला. बेस काय लागला राव! पण स्पीकर उतरवताना माठाला तडा गेला. मी तो गुपचूप जागेवर ठेवून दिला.

ताई पाणी भरायला गेली आणि माठ तिच्या हातातच फुटला. आनंदनगरच्या कंपनीतून दमून आलेल्या आईने तिला धपाटे घातले. मी बघत उभा होतो.

आज तरी सांगणार होतो. पण तोंडातून निघालं काय, तर "आवाज कमी करतो."

ताई हे असलं काही वाचत नाही, म्हणून इथे लिहायची हिंमत झाली. तुम्ही असता तर सांगितलं असतं का?