पुढच्या सीटवरची स्टेपनी

लोटन नाना ब्रेक पायाने लावतात आणि तोंडाने 'हो, हो' म्हणतात. आधी तीस वर्षं बैलगाडी हाकली, मग ही पिकअप घेतली. आता पिकअपही म्हातारी झाली आहे. नानांच्या मते ती 'हो' ऐकूनच थांबते.

मी मराठीत एम.ए. केलं. नोकरी मिळेपर्यंत धरणगावहून नानांबरोबर बाजाराला जातो. पुढे तिघांची जागा. नाना चालवतात, मी मधे, आणि खिडकीशी शेवंताअक्का, नानांची बायको. ती खिडकी अकरा वर्षं अक्काची. वांगी विकते तीच. नाना विकायला बसले तर जो वांग्यांना चांगलं म्हणेल त्याला पाटी भरून देतात.

उन्हाळ्यात जामनेरच्या रस्त्यावर स्टेपनीचा कॅरिअर तुटला. गंजून त्याची चाळणी झाली होती. नानांनी ब्रेक लावला. स्टेपनी गाडीखालून सुटली, आमच्या शेजारून पुढे गेली आणि कुणाच्या तरी शेतात शिरली.

"कोनं चाक शे रे हाई?" नानांनी मला विचारलं.

मागे ठेवली तर वांगी चेंगरायची. म्हणून नानांनी स्टेपनी पुढे ठेवली, खिडकीशी. दोन दिवसांत कॅरिअर बसवतो म्हणाले. तीन महिने गेले. अक्का मागे क्रेटवर बसून बाजाराला यायची. मी माझी जागा देऊ केली, तर म्हणाली, "खिडकीमा ते तीच शे ना?" गावच्या स्टँडवरची माणसं खिडकीतली स्टेपनी बघून नानांना विचारायची, "सवत लई उनात का नाना?" नाना हसायचे. अक्का हसायची नाही.

एका दुपारी तिने सांगून टाकलं. "पुढला बाजारले मनी जागा मोकळी नही व्हयनी, ते तुम्ही एकला जा. वांगा बी तुम्हीच इका."

नानांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याला गेलो. सगळं भंगार पालथं घातलं. एवढ्या जुन्या गाडीचा कॅरिअर कुठेच नव्हता. बाजार परवावर आला होता. परतल्यावर नाना तडक नथ्थूकडे गेले.

नथ्थू ग्रिलवाला. गावातल्या निम्म्या खिडक्या त्याने केलेल्या. गाडीखाली शिरून त्याने एकच प्रश्न विचारला.

"चोरनं भ्याव शे का?"

"शे," नाना म्हणाले.

बस. नथ्थूने स्टेपनी वर धरून ठेवायला लावली आणि तिच्या चारी बाजूंनी गज वेल्ड केले. खालून जाळी. जाळीत मधोमध आठ पाकळ्यांचं फूल. गल्लीतली माणसं एकेक करून वाकली, फूल बघून गेली. मीही वाकलो. मलाही आवडलं.

"चोरना बाप उना तरी निंघाव नही," नथ्थू म्हणाला. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

बाजाराच्या दिवशी अक्का खिडकीशी बसली. पदर नीट केला. गावचा स्टँड मागे पडेपर्यंत बाहेरच बघत राहिली.

पारोळ्याच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर झालं. नाना खुशीत उतरले. पाना घेऊन गाडीखाली सरकले. मग खालूनच मला हाक मारली.

"हितेंद्र, जरा इकडे ये."

मी शेजारी आडवा झालो. वर गजांच्या आड स्टेपनी. आम्ही नट शोधला. नट नव्हता. बोल्ट नव्हता. मी वाचून काढलेल्या कुठल्याच पुस्तकाचा उपयोग नव्हता.

"फूल मातर बेस शे," नाना म्हणाले.

"काय व्हयनं?" वरून अक्काचा आवाज आला.

"काही नही. तू उतर. जॅक लावना शे."

"मी उतरसू आनि तुम्ही ती स्टेपनी आठे ठेवसात."

"ती निंघस नही."

"कसाले निंघस नही?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडीखालूनच म्हणालो, "अक्का, तिला दार नाही."

अक्काने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आधी नानांना पाहिलं, मग मला.

"आनि हाऊ एम.ए. शे," ती म्हणाली.

ती उतरली नाही. नानांनी तिच्यासकट गाडी उचलली. मी पंक्चर झालेलं चाक मांडीवर घेऊन एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर पारोळ्याला गेलो. दीड तासाने परतलो तेव्हा पिकअपजवळ तीन गाड्या उभ्या होत्या. गाडी जॅकवर तिरकी. अक्का खिडकीतून भाव सांगत होती, नाना मुकाट वांगी काढून देत होते. निम्मा माल तिथेच संपला होता.

संध्याकाळी नथ्थूकडे. त्याने आमचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमले ती बाहेर बी काढनी व्हती का?"

कटर फिरला. ठिणग्या उडाल्या. नाना दोनदा अक्काला म्हणाले, खाली ये, धूर शे. काम होईपर्यंत स्टेपनी कुठे ठेवायची हा प्रश्न होताच. अक्का जागची हलली नाही. शेवटी स्टेपनी मीच धरून उभा राहिलो.

नथ्थूने पिंजऱ्याला दार केलं. दाराला कडी, कडीला कुलूप. फुलाला हात लावला नाही.

कुलूप घालून त्याने किल्ली नानांसमोर धरली. नाना खिसा चाचपत होते. तेवढ्यात खिडकीतून अक्काचा हात बाहेर आला. नथ्थूने एकदा नानांकडे पाहिलं आणि किल्ली त्या हातावर ठेवली.