सरोजामामींचं राहिलेलं भाषांतर

सरोजामामी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलीचं दप्तर भरत होते. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत, असं त्यांच्या यजमानांनी, म्हणजे मामांनी सांगितलं. रडू आलंच. पण आता महिन्याभरानं लिहायला बसले तर मनात दुःखापेक्षा समाधानच जास्त आहे. मामी हलक्या मनानं गेल्या, हे मला ठाऊक आहे...

नवरा तमिळ मुलखात, श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात. तांबरमला आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो आणि खाली मामी, तंजावरकडच्या मराठी, निवृत्त शिक्षिका, मला लाडानं 'कण्णा' म्हणणाऱ्या. मुलगी झाली तेव्हा सासूबाई साताऱ्याहून आल्या. बाळाला कावीळ होती, ती सकाळच्या कोवळ्या उन्हानं उतरेल अशी आम्हा सगळ्यांची खात्री. सातवा आठवडा लागला तरी डोळे पिवळेच. सासूबाईंचं निदान तयार होतं : सुनेनं बाळंतपणात सांबार-रसम चापलं, दूध बाधलं. गच्चीत वाळणारे लंगोट मात्र त्या कौतुकानं दाखवायच्या, नातीच्या लंगोटाला पिवळा डाग म्हणून नाही! तेच कौतुक ऐकवायला त्यांनी एकदा मामींना वर बोलावलं. मामींनी नुकताच बदललेला लंगोट उचलला. शी खडूसारखी पांढुरकी होती. मामींचा चेहरा उतरला.

"हे धुवूं नको. पिशवींत घाल," त्या म्हणाल्या. "अत्ताच डॉक्टरकडे जाऊं."

मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी नळीच बंद होती. शीला रंग येतो तो पित्तामुळे, म्हणून ती पांढरी. ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालं तर आशा जास्त. डॉक्टर मामींकडे पाहून तमिळमध्ये बोलत आणि मामी सासूबाईंना मराठीत सांगत. सासूबाईंनी मुद्दा सोडला नाही. "आईच्या खाण्यानंच झालं ना हे, विचारा त्यांना." मामींनी विचारलं. डॉक्टर बरंच बोलले. मामींनी ते मराठीत सांगितलं नाही. मग त्यांनी पुन्हा काहीतरी विचारलं, डॉक्टरांनी पुन्हा सावकाश सांगितलं, आणि मामी पदर तोंडाला लावून बाहेर निघून गेल्या. मला वाटलं, मुलगी हातची गेली.

डॉक्टरांनी मग इंग्रजीतून मलाच सांगितलं : आईच्या खाण्याशी, दुधाशी याचा काही संबंध नाही, कुणाचीच चूक नाही. मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं आणि बाहेर आले. मामी बाकावर बसल्या होत्या.

"माझा पहिला लेक असाच गेला, कण्णा. तीन महिन्यांचा होता. तुझं दूधच विष म्हणून सासू सांगितली. चाळीस वर्षं मी तेंच धरून बसलें..."

ऑपरेशन झालं. शी हिरवट-पिवळी झाली त्या दिवशी सासूबाईंनी बूथवरून साताऱ्याला फोन लावून रंगासकट बातमी दिली. घरी येऊन माझ्या पानात दोन पळ्या सांबार वाढलं. औषधं आणि तपासण्या अजून आहेत. पुढे यकृत बदलावं लागेल का, हे डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत. पण मुलगी पहिलीत आहे आणि माझ्याशी तमिळमध्ये भांडते, यात मला सगळं आलं. मामी त्यानंतर दर बुधवारी त्या इस्पितळात जाऊन बसत. कुठलीही नवी आई भेटली की आधी तिची चूक नाही हे सांगत, मग डबा आणलाय का ते विचारत.

परवा मामांकडे गेले होते. देवघराशेजारी एका तान्ह्या बाळाचा जुना फोटो दिसला. वर राहत होतो तेव्हा त्यांच्या देवघरापर्यंत माझं कधी जाणंच झालं नव्हतं.

"तुझ्याबरोबर डॉक्टरकडून आली त्याच दिवशीं तिनं हा ट्रंकेंतून काढून लावली," मामा म्हणाले. "त्याच्या आधीं ह्या घरांत त्याचं नांव कोण घेत नव्हतों."

मी नाव विचारलं. मामांनी ते सांगितलं, आणि मग तो कुठल्या कुशीवर झोपायचा, तेही.