पुड्यातले मुंगोडे

पुतण्याचा पाय मुरगळला नसता, तर मी त्या बाकड्यावर कधीच बसले नसते.

हा माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. कान्ह्याला वाघ बघायला जाणारी माणसं वाटेत एखादा दिवस बालाघाटला थांबतात, त्यांना हा संध्याकाळी ई-रिक्षात बसवून गावातलं खाणंपिणं दाखवत फिरतो. आमच्या गावचे मुंगोडे आणि जिलबी बघायला लोक पैसे मोजतात, याचं मला अजून नवल वाटतं. त्या दिवशी पुण्याची तीन माणसं यायची होती आणि हा जिन्यावरून घसरून पाय सुजवून बसला होता.

"काकू, तूच जा न," तो म्हणाला. "मले त पाय टेकवता येऊन नाही राह्यला."

"मले काय समजते त्यातलं?"

"समजाचं काय आहे? पस्तीस वर्षं झाले, तू इथलंच त खाऊन राह्यली."

खाल्लं होतं, ते खरंच. पण पस्तीस वर्षांत मी बालाघाटच्या एकाही दुकानात बसून काही खाल्लं नव्हतं. उभ्याउभ्यासुद्धा नाही.

माझं माहेर वारासिवनीचं. लग्न होऊन इथं आले, ती एक तर घरातली मोठी सून, आणि त्यात शाळेतली बाई. सासूबाई म्हणायच्या, रस्त्यानं खाते ते ढोर. त्यांचं एक असो, पण शाळेचंही तेच. ज्या पोरींना सकाळी "उघड्यावरचं खाऊ नका" म्हणून दरडावायचं, त्यांच्या आया संध्याकाळी बाजारात भेटणार. त्यांच्यासमोर मी तोंड कसं हलवणार? म्हणून माझ्या वाट्याला हे गाव आलं ते सगळं पुड्यातून.

पुडे आमचे हे आणायचे. सिंचाईच्या, म्हणजे पाटबंधाऱ्याच्या, ऑफिसात ते बाबू होते. सुटल्यावर सायकलवरून घरी येताना काही ना काही बांधून आणायचेच. दुकानांची तोंडं मी लांबूनच पाहिलेली, पण पुडा हातात आला की तो कुठला ते मला डोळे मिटून सांगता यायचं. जिलबीवाला पळसाच्या पानात बांधायचा. मुंगोडेवाला हिंदी वर्तमानपत्रात, वर पांढरा दोरा. त्या तेलकट कागदावर मी अर्ध्या अर्ध्या बातम्या वाचल्या आहेत. कुठं चोरी झाली ते कळायचं, चोर सापडला की नाही ते दुसऱ्या कुणाच्या पुड्यावर असायचं.

आणि मुंगोडे नेहमी मऊ. कोमट आणि मऊ. मुगाच्या डाळीचे ते गोळे दाबले की बोट आत जायचं. मला ते आवडायचे, नाही असं नाही. पण प्रत्येक वेळी मनात एक काडी पेटायची. मी म्हणायची, "तुमचं बरं आहे. तुम्ही तिथं बसून गरम खाऊन आले, आमच्या वाट्याला हे पुड्यातले." ते नुसते हसायचे. मग सासूबाईंचा वाटा त्यांना देऊन माझ्यासमोर बसायचे आणि दोन-तीन मुंगोडे पुन्हा खायचे. पुन्हा, असं मला वाटायचं. मी त्यांच्या पोटाकडे बोट दाखवायची.

त्यात त्यांच्या कपड्यांवर तेलाचे डाग. उन्हाळ्यात सदऱ्यावर, हिवाळ्यात स्वेटरवर, बरोबर छातीच्या खाली. साबण लावून लावून माझी बोटं सोलायची. "लहान पोरासारखं अंगावर सांडून खाता का हो?" मी ओरडायची.

"हौ न, सांडलं," ते म्हणायचे आणि हसायचे.

सासूबाई गेल्यावर एका संध्याकाळी त्यांनी सायकल काढता काढता विचारलं होतं, "चालते का? बसून खाऊन येऊ." मी म्हटलं, "या वयात? लोकं म्हणतीन, बाई पाहा, मुंगोडे खाऊन राह्यल्या." त्यांनी सायकल पुन्हा भिंतीला लावली की एकटेच गेले, ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की त्यांनी परत विचारलं नाही. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. माणूस गेलं की रागही जातो म्हणतात. माझा हा एवढासा राग मात्र गेला नव्हता. गरम तुम्ही खाल्लं, मऊ मला दिलं. तो मी जपूनच ठेवला होता म्हणा.

तर पौषातल्या त्या संध्याकाळी पुतण्याच्या हातची यादी मुठीत धरून मी ई-रिक्षात बसले. पुण्याची तीन माणसं म्हणजे एक नवरा-बायको आणि तिची आई. आई माझ्याच वयाची, अंगावर शाल, डोळ्यांत कौतुक. वैनगंगेकडून धुकं चढायला लागलं होतं. चुलींचा धूर त्यात मिसळून खालीच थांबला होता, आणि दुकानांचे दिवे त्या धुरात तरंगत होते. जिथून मी हजारदा भाजी घेऊन गेले तो रस्ता मला ओळखूच येईना. काली पुतली चौकातून वळताना मी त्या तिघांपेक्षा जास्त टकमक बघत होते.

"तुम्ही इथे नेहमी येत असाल ना?" आईनं विचारलं.

"हो तर," मी म्हटलं. बाईनं खोटं बोलू नये, पण बोलले.

यादीत पहिलं गुपचुप होतं. पाणीपुरीला आमच्याकडे गुपचुप म्हणतात. गुपचुप पुड्यात बांधता येत नाही, त्यामुळं ते आमच्या घरी कधी आलंच नव्हतं. वारासिवनीच्या मेळ्यात परकरात असताना खाल्लेलं तेवढंच. पहिलं तोंडात घातलं आणि पाणी हनुवटीवरून थेट पदरावर. डोळे मिटले. क्षणभर वाटलं, मी मेळ्यातच उभी आहे, आणि डोळे उघडले तर परकरच दिसेल. उघडले तर समोर माझी एक जुनी विद्यार्थिनी, कडेवर पोर घेऊन.

"बाई?" ती म्हणाली.

"पाहुणे आहेत," मी म्हटलं. तोंडात दुसरं गुपचुप होतं, त्यामुळं तिला काय ऐकू आलं देव जाणे. ती हसली, शेजारी उभी राहिली आणि तिनंही द्रोण पुढं केला. आभाळ काही कोसळलं नाही.

खोव्याची, म्हणजे खव्याची, जिलबी झाली. काळपट, जाड, पाकात निथळणारी. ती आम्ही धुक्यात उभं राहून खाल्ली. पुण्याच्या आईनं एकदा माझा हात दाबला. गोड तोंडात असताना सगळी माणसं आपली वाटतात. रिक्षा पुढं निघाली तेव्हा मला आपण झोपेत चालतोय असं वाटत होतं. आणि पुढचं मुंगोडेवाल्याचं दुकान आहे, हे यादी न बघताही मला ठाऊक होतं. वास आधीच आला होता.

आम्ही तिथं उतरलो. दुकान म्हणजे एक टपरी, पुढं कढई, बाजूला लाकडी बाकडं. बाकडं बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेलं. तेवढी जागा ह्यांचीच असणार, असं माझ्या मनानं लगेच ठरवून टाकलं. मी त्या जागेवर न बसता कडेला टेकले.

पण मार्गदर्शक म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं. घसा साफ करून मी सांगितलं, "आमच्याकडचा मुंगोडा एकदम मऊ असतो बरं का. दाबला की बोट आत जातं. तोंडात टाकला की विरघळतो."

बश्या आल्या. तिघांनी एकदमच पहिला घास घेतला, आणि असा आवाज झाला, जसा वाळक्या पानांवर पाय पडल्यावर होतो. कुर्रम.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

"काकू," तो पुण्याचा मुलगा हसू दाबत म्हणाला, "हा तर चांगलाच कुरकुरीत आहे की!"

मी माझा उचलला. बोटं भाजली. चावला, तर वरचं कवच फुटलं आणि आतून वाफ आली. जीभ पोळली. पस्तीस वर्षं जी चव मला पाठ होती, तिच्यात आणि ह्या समोरच्या पदार्थात नावापलीकडं काही नातं नव्हतं. असा खात होते तर हे रोज, मी मनात म्हटलं. काडी पुन्हा पेटली, आणि ह्या वेळी चांगली पेटली.

तेवढ्यात कढईमागचा म्हातारा झारा ठेवून पुढं आला. त्यानं मला निरखून पाहिलं.

"बाई न तुम्ही? सिंचाईवाल्या बाबूजींच्या घरच्या?"

"हौ," मी म्हटलं.

"मायी पोरगी तुमच्याच शाळेत होती. चला, आज तरी आले. गरम कसे लागले, बाई? बाबूजींनी त कधी खाल्लेच नाही."

मला वाटलं, वयामुळं ह्याची काही गफलत होते आहे. "काहून नाही खाल्ले? रोज त येत होते तुमच्याकडे."

"येत होते, हौ. रोज. पण बसले नाही कधी. मी म्हणो, बाबूजी, एक त गरम खाऊन घ्या, पैसे नका देऊ त्याचे. त म्हणे, घरची नाही येऊ शकत इथं, मंग मी एकटा कसा बसू? तिच्यासोबत खातो." म्हाताऱ्यानं छातीशी हात नेऊन दाखवलं. "कढईतून काढले का लगेच बांधून घेत, अन् पुडा असा स्वेटरच्या आत. थंडे नाही झाले पायजे म्हणे. एका हातानं सायकल, एक हात पोटावर. लोकं पुसत, बाबूजींचं पोट दुखून राह्यलं का?"

पुण्याची माणसं हसली. त्यांना ती गंमत वाटली, आणि होतीच ती गंमत. मीही हसले. माझ्या तोंडात मुंगोड्याचा घास होता आणि त्याची चव मला कळेनाशी झाली होती.

थंडीत, नदीचं वारं तोंडावर घेत दहा मिनिटं सायकलवर आलेला पुडा कोमट कसा असायचा, हा प्रश्न मला पस्तीस वर्षांत पडला नाही. शाळेत पोरींना मी भौतिकशास्त्र नाही, पण वाफेचं पाणी होतं एवढं तर शिकवत होते. अंगाच्या उबेत वाफ कोंडायची, म्हणून ते मऊ व्हायचे. त्यांच्या छातीशी मऊ व्हायचे. आणि माझ्यासमोर बसून ते खायचे ते पहिल्यांदाच असायचं, दिवसभराच्या भुकेनं.

हे त्यांनी मला का सांगितलं नाही, यावर मी त्या बाकड्यावर बसून खूप विचार केला. सांगितलं असतं तर मी रडले असते, आणि पलीकडच्या खोलीत सासूबाई जाग्या असायच्या. हे एक. आणि पुढं, बोलायला मोकळीक झाली तेव्हा त्यांनी विचारलं होतंच की. चालते का म्हणून. नाही मीच म्हटलं होतं.

त्यांना मी किती बोलले, आणि त्यांनी ते कसं निमूट ऐकून घेतलं. मला त्यांची इतकी आठवण आली, की ते गेले त्या दिवशीही आली नसेल. मी सरकून बाकड्याच्या मधोमध बसले. ती जागा त्यांची कधीच नव्हती, तरी.

पुण्याच्या आईनं काय ओळखलं कुणास ठाऊक. तिनं लेक-जावयाला जवळच चिन्नोर तांदूळ घ्यायला पिटाळलं आणि स्वतः मुंगोड्याची बशी संपेपर्यंत माझ्याशेजारी बसून राहिली. तिचे आभार मानायचे राहूनच गेले.

पाहुण्यांना त्यांच्या हॉटेलवर सोडायला रिक्षा निघाली तेव्हा मी म्हटलं, मी पायी जाते, घर जवळच आहे. मग म्हाताऱ्याला सांगितलं, "सहा बांधा. कढईतले."

त्यानं कागदात बांधले, वर पांढरा दोरा. मी स्वेटरचं वरचं बटण काढलं आणि पुडा आत सरकवला. आधी चांगलाच चटका बसला. मग हळूहळू तो सोसण्याइतका झाला, आणि चौक ओलांडेपर्यंत नुसती ऊब राहिली. धुकं इतकं दाट झालं होतं की चार पावलांपुढचं दिसत नव्हतं. एक हात पोटावर धरून मी चालत होते. रोज संध्याकाळी ह्यांना हे असं वाटत असणार, छातीशी एवढी ऊब, आणि पुढं घर. मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं गेले.

घरी पोचले तर पुतण्या सुजलेला पाय उशीवर ठेवून वाटच बघत होता. मी पुडा त्याच्यासमोर सोडला. मुंगोडे कोमट होते आणि मऊ. बोट आत गेलं.

त्यानं एक उचलला आणि माझ्याकडे बघून थांबला. "अवं काकू, स्वेटरवर किती तेल पाह्य! लहान पोरासारखं सांडून खाल्लं का?"

मी खाली पाहिलं. बरोबर छातीच्या खाली.

"हौ न," मी म्हटलं, "सांडलं."